धोतरावर उमटलेला माणूस

नाना, रविवार, १० मे १९३६, सकाळी साडेदहा. मी तेव्हा बारा वर्षांची. गुन्हा माझा, हे मान्य. पण मुलगी म्हणून माझी तक्रार तुमच्याविरुद्धही आहे, म्हणून लिहिते.

त्या सकाळी तुम्ही पुढच्या खोलीचाच कॅमेरा केलात. खिडकीला काळा कागद खळीने चिकटवलात, दारावर घोंगडी टाकलीत, कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलंत. पडद्याला पांढरं कापड मिळेना, तेव्हा शाळेत शिकवायला जाताना नेसायचं एकुलतं एक चांगलं धोतर सोडून भिंतीवर टांगलंत आणि पंचा गुंडाळून अंगणात गेलात. मग माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण आली, डेप्युटी कलेक्टरांची मुलगी. आम्ही दोघी आणि माझी धाकटी बहीण अंधारात बसलोय. धोतरावर अंगण उमटतं: लिंबाचं झाड उलटं लोंबतंय, आभाळ खाली. "सगळंच उलटं," धाकटी कुरकुरते. बाहेरून तुम्ही म्हणता, "थांब, एक सरळ करून दाखवतो," आणि उन्हात शीर्षासन करता. त्या उलट्या जगात एकटे तुम्ही सरळ उभे, उघडेबंब, पंचा कसाबसा खोचलेला. मैत्रीण हसत विचारते, "हा कोण गं?"

"आमचा गडी."

"अगं, ते तर..." धाकटीने तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढला.

कागद तो केवढा जाड असणार. तुम्हांला ऐकू गेलं. धोतरावरचा माणूस नाहीसा झाला. थोड्या वेळाने तुम्ही तबकात पन्हं आणलंत, तिला दिलंत, मग माझ्यापुढे वाकून म्हणालात, "घ्या, बाईसाहेब." संध्याकाळी तेच धोतर झटकून नेसलात आणि जेवताना आईला म्हणालात, "हिला आधी वाढ." ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही माझं खोटं निभावून नेलंत, आणि ते माझ्याच गळ्यात राहिलं. मी तीस वर्षं मुख्याध्यापिका होते, नाना. माझ्या जिभेला मुली टरकायच्या, पण इतकी दुष्ट शिक्षा मी एकीलाही केली नाही.

परवा त्या मैत्रिणीचं पत्र आलं. येत्या रविवारी ती नाशिकला येतेय. लिहिते, "तुमचा तो डोक्यावर उभा राहणारा गडी अजून आठवतो." मी कालच उत्तर टाकलं: "हो. फार इमानी होता."

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरीही शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं. त्या दिवशी एक थोबाडीत का दिली नाहीत?