तिच्या आवाजाची पट्टी

४ फेब्रुवारी

लेकीने हेडफोन पाठवले! वाढदिवसाचे — पंधरा दिवस उशिरा, पण तिचं कधी वेळेवर असतं? सोबत चिठ्ठी : 'बाबा, मस्त गाणी ऐका.' हिने ते माझ्या डोक्यावर चढवले आणि कौतुकाने बघत बसली. मीही मान डोलावली. गाण्यातले शब्द मला ऐकूच येत नाहीत, तीन वर्षं झाली, हे सांगायला तोंड कुठे आहे? कुणालाच सांगितलेलं नाही. हिला तर नाहीच.

५ फेब्रुवारी

तीस वर्षं कापड गिरणीत फिटर होतो. शंभर माग एकदम खडखडायचे, कानांची पार वाट लागली. तिथे ओरडून काही उपयोग नसे. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, चांगले ठसठशीत, आणि समोरच्याने वाचायचं. आमचं लग्न तसंच जमलं. ही पलीकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. दोन रांगांवरून मी विचारलं. हिने ओठांनीच उत्तर दिलं — 'वेडे आहात का?' आणि हसली. हसली म्हणजे झालंच की!

ते वाचन आता कामी येतंय. समोर असली की हिचं अक्षर न् अक्षर कळतं. पाठ वळली की मी आपला 'हं' म्हणतो. अजून पकडला गेलेलो नाही.

८ फेब्रुवारी

फोनमध्ये इक्वलायझर म्हणून प्रकार सापडला. दहा उभ्या पट्ट्या. डावीकडच्या जाड आवाजाच्या, म्हणजे बास. उजवीकडे जावं तसा आवाज बारीक. बास वर केला तर कानात ढम्म ढम्म — थेट मागखातं! तेवढं मला अजून झकास ऐकू येतं. मग 'सराउंड' चालू केलं. गाण्यातली टाळी मागून आली आणि मी चक्क वळून पाहिलं. ही पदर तोंडाला लावून हसत होती.

९ फेब्रुवारी

सराउंड बंद केलं. चारी बाजूंनी बोलणारं घरात आहे कोण? ही एकटी तर आहे.

१२ फेब्रुवारी

गाणी गेली खड्ड्यात. मला हिचा आवाज हवाय. पट्ट्या हिच्या आवाजावर बसवायच्या!

फोन डब्यांमागे लपवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि समोर जाऊन बसलो. भाजी चिरता चिरता ही बोलत होती — लेक रविवारी येतेय, शर्टाचं बटण तुटलंय, नळवाल्याला पुन्हा सांगा. चांगली दहा मिनिटं. मग आतल्या खोलीत जाऊन हेडफोन लावले. बास पार तळाला, उजवीकडच्या पट्ट्या वर. आणि काय सांगू! सुरीची टकटक. नळाचं थेंब थेंब. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक — ती कैक वर्षांत ऐकली नव्हती! माझंच 'हं... बरं... हो का?'

ती मात्र कुठेच नाही.

१३ फेब्रुवारी

सगळ्या पट्ट्या खालीवर करून झाल्या. आवाज एवढा वाढवला की घड्याळ हातोडा मारल्यासारखं वाजायला लागलं. तरी ती नाही.

१५ फेब्रुवारी

पूर्वी निदान तिच्या बोलण्याची गुणगुण यायची. वर्ष-दीड वर्षात तीही बंद झाली. घड्याळ येतं, नळ येतो, आणि नेमका तिचाच आवाज गेला म्हणायचा! आज डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय. त्यांना तो किरकोळ वाटतो. पण उद्या दिसायचंही कमी झालं तर मी हिला वाचणार कसा?

न्हाणीघरात जाऊन रडलो. नळ सोडून — तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

१८ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. आल्या आल्या हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, "बघू, बाबा काय ऐकतात!" ते रेकॉर्डिंग पुसायचं राहिलं होतं. कपाळावर आठी घालून तिने बराच वेळ ऐकलं. मग माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाली, "बाबा, यात आई बोलतच नाहीये. तुम्ही एकटेच हं हं करताय."

मी हिच्याकडे पाहिलं. ही हात पुसत उभी होती. तशीच बोलली, ओठांनी, ठसठशीत —

'दीड वर्ष झालं, मी आवाज काढतच नाही. मोठ्याने बोलले तरी तुम्हाला कळायचं नाही. मग तुमचा चेहरा एवढासा व्हायचा. मला बघवेना. म्हटलं, मागखात्यात कसं छान कळायचं आपल्याला!'

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. मी लपवतोय हेसुद्धा.

"आई, काय म्हणालीस? मला नाही कळलं!" लेक आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

 

१९ फेब्रुवारी

सकाळी फोन घेऊन ही आतल्या खोलीत गेली आणि दार लावून रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी बोलून आली. हेडफोन तिनेच चढवले. पट्ट्या मी लावल्या — डावीकडच्या खाली, उजवीकडच्या वर.

"वेडे आहात का?"

आलं! चाळीस वर्षांपूर्वी नुसतं वाचलं होतं.