कांदा निघेपर्यंत

क्रांती,

बाबांना घेऊन रेवदंड्याला डॉक्टरांकडे जातेय. संध्याकाळ होईल. पेज चुलीवर झाकून ठेवलीय.

आज पहाटे धुक्यात तू कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उभी दिसलीस. सासरहून आल्यापासून महिनाभर तू खोलीबाहेर पडली नव्हतीस, म्हणून मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. हाक मारायचा धीर झाला नाही. उजाडल्यावर बघितलं, तर ओल्या मातीत तुझी पावलं होती.

उरलेली रोपं ओल्या गोणपाटात आहेत. वाटलं तर ऊन उतरल्यावर लाव. वालाला पाणी घालू नकोस, तो दवावरच वाढतो.

सकाळी जावयांचा फोन आला होता. "तिला कधी पाठवताय?" विचारत होते. मी म्हटलं, कांदा निघेपर्यंत ती इथंच आहे.

कांदा होळीनंतर निघतो. पुढचं तू ठरव.

आई