मोफत सर्जन

२ जानेवारी २०२३, दिघोरी
सर्जनशील लेखनाचा ऑनलाइन कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. आपल्या समाजात कलावंताला स्थान नाही. आता ते मीच निर्माण करणार. पंधरा तारखेला समाजमंदिरात लेखन शिबिर घेतो. बायकोची, रिताची, अट: दहा विद्यार्थी आले नाहीत तर तिच्या भावाच्या, टेकचंदच्या, राईस मिलवर बसायचं. मी हसलो. दहा काय, पन्नास येतील.

९ जानेवारी
बॅनर लागला. फ्लेक्सवाल्याने शब्द मधेच तोडलाय. वर लाल ठळक ‘मोफत सर्जन’, खाली बारीक ‘शील लेखन शिबिर’. रिता म्हणाली, बदलून आणा. मी म्हटलं, मोठं अक्षर दुरून दिसतं. घरच्यांना मांडणीतलं काय कळतं!

१५ जानेवारी, रविवार, सकाळ
उघडायच्या आधीच रांग! तीसेक माणसं. रिताला फोन केला. तिने फोन ठेवून दिला. हरली बिचारी.

दुपार
एकाच्याही हातात पेन नव्हतं. कुणाचा गुडघा, कुणाचा हर्निया. सर्जनशील म्हणजे काय ते नीट समजावलं. एक म्हातारा म्हणाला, ‘म्हंजे शिकाऊ डॉक्टर हाव का?’ सगळे उठून गेले. शेजारच्या मालनबाई तेवढ्या राहिल्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. म्हणाल्या, ‘मले काई तरी लिहून दे न बाबू, तसीच कशी जाऊ?’ त्यांच्यावरच मुक्तछंदात चार ओळी लिहून दिल्या. एक का होईना, रसिक मिळाला. शिबिर यशस्वी.

१७ जानेवारी
मालनबाईंनी कविता मेडिकलमध्ये दाखवली. दुकानदार म्हणाला, हे इथं भेटत नाही, भंडाऱ्याले पाहा. मुक्तछंदाला तालुक्यात वाव नाही, हे मी आधीपासून म्हणतोय.

१९ जानेवारी
मालनबाई तो कागद घेऊन एसटीने भंडाऱ्याला जाऊन आल्या. तिथेही मिळालं नाही.
रिताने आणखी सांगितलं. पंधरालाच लाखांदूरला खरं नेत्रशिबिर होतं. न्यायला गाडी आली होती. मालनबाई बसल्याच नाहीत. ‘गावातच सर्जन आला तं तिकडे कायले जाऊ?’ म्हणाल्या. पुढचं शिबिर कधी, कुणालाच माहीत नाही.
यावर कथा चांगली होईल, असं मी बोलून गेलो. रिता म्हणाली, ‘काई लिहू नोका आता. त्यायले घेऊन जा.’ फार लाज वाटली. कथेला नाव मात्र सुचलंय.

२४ जानेवारी, भंडारा, डोळ्यांचा दवाखाना
डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस कोणाचं औषध चालू होतं? मालनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.
आता त्यांना ऑपरेशनला आत नेलंय. किती दिसेल ते सांगता येत नाही म्हणाले. नर्सने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, लेखक. तिने मान वर न करता लिहिलं, सोबतचा माणूस.
बाकावर जागा नाही. मालनबाईंच्या चपला काखेत धरून उभ्यानेच लिहितोय. उद्या सकाळी टेकचंदने मिलवर बोलावलंय.