७९ला काय म्हणतात?

शुगर लँड, अमेरिका, २९ ऑगस्ट

ती. मालिनीआत्यास,

सावनीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, काकांची शुगर आणि तुझा माझ्यावरचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. (आठ महिन्यांत एक फोन नाही, याचं कारण अगदी शेवटी देते. चष्मा फेकू नकोस.) रूममेट आश्लेषा पुण्याला निघालीय, तिच्या बॅगेत हे पत्र कोंबतेय.

माझी पीएचडी ज्यांच्यावर चाललीय त्या तिनाआजी पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरच्या. इथे लेकीकडे राहतात. वय ८४ (आकड्यांत का, ते कळेल). त्यांच्या भाषेत नारळ मोजायचे शब्द वेगळे, माशांचे वेगळे, माणसांचे वेगळे. हे सगळं येणारे जगात अकरा जण उरलेत. मी रेकॉर्डर घेऊन जाते आणि त्यांच्या नातवंडांना एकही आकडा येत नाही म्हणून त्यांच्याच सोफ्यावर बसून हळहळते. (नातवंडांसमोर.)

नारळ झाले, मासे झाले. माणसांच्या आधी आजी म्हणाल्या, आता तू तुझ्या भाषेत मोज, शंभरापर्यंत. मी ऐटीत सुरुवात केली. पन्नाशीनंतर भर एसीत घाम फुटला. ७९ला ठोकून दिलं, 'एकोणसत्तर'. गुरुवारी पुन्हा मोजायला लावलं, तेव्हा 'नवसत्तर'. आजींना मराठीचं अक्षर येत नाही, पण लगेच म्हणाल्या, "सोमवारी वेगळं होतं." मशीनने दोन्ही पुरावे जपून ठेवलेत. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी मायेने विचारलं, तुमच्यात मोजता येणारे किती उरलेत? मी म्हटलं, आठ कोटी. त्यांनी माझा हात थोपटला. हाही आकडा माझा चुकला असं त्यांना वाटलं. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी न बघता शंभर मोजेपर्यंत माणसांची मोजणी मिळणार नाही. (कागद चालत नाही, डोळे खाली गेले की ओळखतात.) आणि नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर, त्या कायमच्या बेटावर परतणार.

एक कबुली. शाळेत तू उजळणी घ्यायचीस तेव्हा पन्नाशीनंतर मी नुसते ओठ हलवायची. त्याबद्दल तू मला पेन बक्षीस दिलं होतंस. त्या पेनाची फार लाज वाटते.

तुझी (अजून पास न झालेली)
सावनी

ता.क. दर रविवारी फोनवर उजळणी घेशील? या वेळी आवाज काढीन.

ता.क. २. जानेवारीत आईच्या फोनवरून तू तुझा नवा नंबर सांगितलास, "अठ्ठ्याण्णव, एकोणनव्वद" असा जोड्याजोड्यांनी. मी कळल्यासारखं "हो हो, लिहिला" म्हटलं. मी लिहिलेला तो नंबर चाळीसगावचे एक पंक्चरवाले उचलतात. आईला विचारायची लाज वाटली. तुला विसरले नव्हते गं. उत्तरात नंबर आकड्यांत लिही, आणि शेजारी अक्षरांतही.