बाटलीतले बुडबुडे

चामराजपेट, शनिवार, १४ ऑक्टोबर १९६१

गाडी उद्या सकाळी नवा मालक नेणार. तरी अण्णांनी आज ब्रेकमधली हवा काढायला घेतली. ते गाडीखाली, मी पेडलवर. आम्हा बापलेकांचं हे जुनं काम. पूर्वी पाय पोचायचा नाही, मी उभा राहून दाबायचो. चाकापासची नळी तेलाच्या बाटलीत, बाटली अक्काच्या हातात.

"विकलेल्या गाडीची एवढी सेवा?" अक्का म्हणाली.

"त्याचीही पोरं बसतील की गं. दाब रे. धर. आता सोड, स्वल्प सावकाश."

बाटलीतले बुडबुडे थांबले, म्हणजे हवा निघाली. अक्काने मला खूण केली. बाटली अण्णांच्या डोळ्यांसमोरच होती.

"अजून एकदा दाब."

मी दाबलं.

"अजून एकदा."

झालं, असं मी का म्हणालो नाही? दिवेलागणीपर्यंत दाबत राहिलो. बाटलीत एकही बुडबुडा नव्हता.