मधली तुकडी

मी, सत्यवान भिकाजी केळुसकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त तलाठी, राहणार आचरा, तालुका मालवण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी विमला पडवीत लिहीत बसली आहे, तिचे इकडे लक्षही नाही.

१. आचऱ्याचे घर, परड्यातले माड आणि बँकेतील ठेवी विमलेला. तिच्यामागे सर्व काही आमची कन्या तन्वी हिला. याबद्दल वाद नाही.

२. खिडकीजवळचे फणसाचे टेबल. कादंबरी लिहिण्यासाठी मी ते मुद्दाम करून घेतले. लग्न झाल्यावर आम्ही ठरवले होते की दोघांनी रोज एकेक पान लिहायचे, आणि ज्याचे पान झाले नाही त्याने त्या दिवशी माशाची तुकडी घ्यायची नाही, नुसत्या सारावर जेवायचे. नियम माझा, टेबलही माझे. विमला मांडीवर पाट घेऊन लिहायची आणि सुरमईची मधली तुकडी तिच्याच ताटात जायची. मी सारभात कालवत बघत बसे. ते टेबल तन्वीने न्यावे. विमलेला देऊ नये. तिला त्याची गरज कधी पडली नाही, आणि तेच मला सलते.

३. विमलेची सहा पुस्तके छापून आली. मला आनंद झाला, असे लोकांना सांगत आलो. झाला नव्हता. मी जळत होतो. बांद्याच्या सत्कारात शाल-श्रीफळ तिला, पिशवी माझ्या हातात, आणि ओळख काय, तर 'बाईंचे मिस्टर'! ती शाल कपाटात आहे. कोणालाही द्यावी, पण माझ्या अंगावर घालू नये.

४. माझी कादंबरी अर्धीच राहिली. सोमवारी मासे नाहीत, म्हणून मला लिहिण्याची सुट्टी. श्रावणात सुट्टी. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हाही सुट्टी. अशाच एका श्रावणात विमला लिहिताना दिसली. मी म्हटले, "अगो, आज मासो नाय, मगे लिवतंस कित्याक?"

मान वर न करता ती म्हणाली, "माशासाठी लिवतंय, असा तुमका कोणी सांगल्यान?"

तोवर मला हेवा वाटे तो तुकडीचा. विमलेचा खरा हेवा त्या दिवसापासून वाटू लागला.

ही अर्धी कादंबरी माझ्याबरोबर जाळावी. विमलेच्या हाती लागली तर ती पुरी करील, आणि चांगली करील. ते मला मेल्यावरही सोसणार नाही.

५. शेवटचे. माझ्यामागे काही दिवस तिचे पान होणार नाही. होऊ नये, अशीच माझी इच्छा आहे. तेराव्याच्या आत लिहायला बसली तर मला राग येईल. पण सुतक फिटून घरात मासे आले की ती नियम पाळील, हे मी ओळखून आहे. पान झाले नाही म्हणून सारावर जेवेल आणि कोणाला कळू देणार नाही. तेव्हा सदर नियम मी आज माझ्या सहीने रद्द करीत आहे. तन्वीने समोर बसून तिला मधली तुकडी वाढावी. पान झालेले असो वा नसो.

(सही) सत्यवान भिकाजी केळुसकर

केळुसकरांनी वरील मजकूर आम्हांला वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली.
साक्षीदार:
१. सिद्धेश रमाकांत परब, बांदा (सही)
२. किशोरी सुदेश मयेकर, आचरा (सही)

स्थळ: आचरा
दिनांक: ४ डिसेंबर २०२४