पुसणाऱ्याचं नाव

प्रिय भावजी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असाल. घाबरू नका, भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं भांडणार आहे, पण ते आपलं नेहमीचं. गेल्या महिन्यात तुम्हाला टीव्हीवर पाहिलं. पुरस्कार जाहीर झाला म्हणून एक मुलगी तुमच्यासमोर माइक धरून उभी, आणि तुम्ही आपले खिशात चष्मा चाचपताय. चष्मा कपाळावर! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला सांगणार कोण? मी इथून ओरडले, "अहो, कपाळावर बघा!" शेजारी नात बसली होती, तिला वाटलं आजीचं डोकं फिरलं.

हसून होतंय तोवर तुम्ही ते वाक्य बोललात. सुरुवातीला म्हणे एका सहकाऱ्याशी चर्चा व्हायची. एक सहकारी! भावजी, इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसलात, माझ्या हातचं जेवलात, वर मीठ कमी आहे म्हणालात, आणि आमचे हे झाले एक सहकारी? मग मी कोण, खानावळवाली?

ती भिंत आठवते ना? कागद पुरत नाही म्हणून तुम्ही दोघांनी ओट्यासमोरची भिंत काळी रंगवलीत. मला न विचारता. फोडणीचा धूर आणि खडूची धूळ, दोन्ही माझ्याच नाकात. काळ पुढेच का जातो, मागे का येत नाही, हा तुमचा ध्यास. मी म्हणायचे, मागे आणता आला असता तर मी लग्नाच्या आदल्या दिवशीच थांबवला असता, त्यात शोधायचंय काय! हे हसायचे. तुम्ही मात्र तेवढ्यात एक नवीन ओळ लिहून मोकळे.

लिहायचात तुम्ही आणि पुसायचे हे. तुम्ही भराभरा भिंत भरायचात, हे ओलं फडकं घेऊन उभे. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवायचे, इथे घसरलास म्हणायचे, आणि तिथून खालचं सगळं साफ. तुम्ही चिडायचात, खडू फेकायचात, मग परत लिहायला लागायचात. आमच्या गावच्या शाळेत मास्तर हुशार पोरांना फळ्यावर लिहायला लावायचे आणि शहाण्या पोरांना पुसायला. म्हणून मला कधी वाटलं नाही की पुसणारा कमी. तुमचा नियमही तसाच होता. दोघांनाही चूक सापडेनाशी झाली, की मगच खाली दोघांची नावं.

आणि मग एका दुपारी भिंत भरली आणि हे काही पुसेनात. फडकं हातात वाळून गेलं. मी म्हटलं, झालं का एकदाचं, भिंत धुवू का? तुम्ही दोघंही माझ्यावर खेकसलात. हे म्हणाले, यात खोट आहे. कुठे ते सापडेना, पण आहे. तुम्ही थांबलात, हे मी कुणालाही सांगेन. एक अख्खा हिवाळा थांबलात. शेवटी टाइप केलेला लेख घेऊन आलात, खाली दोघांची नावं. मी भाजी निवडत तिथंच बसले होते. हे म्हणाले, माझं नाव नको. तुम्ही म्हणालात, "अरे, मग काय दोघांचे दात पडल्यावर छापायचं?" तर हे म्हणाले, "छाप की तुझ्या एकट्याच्या नावानं. तोंडावर आपटलास की हात द्यायला येतो."

तुम्ही आपटलाच नाहीत. प्रयोगशाळांनी तपासून पाहिलं, सगळं बरोबर निघालं. हात द्यायला हे बिचारे उभेच राहिले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. हे सुरुवातीला "आमचं काम" म्हणायचे. मग विद्यार्थ्यांनी भरीला घातलं, मासिकांतून पत्रं सुटली, आणि कधीतरी "आमचं"चं "माझं" झालं. विद्यापीठात तुमच्या इमारतीत सिद्धांताला तुमचं नाव, ह्यांच्या इमारतीत ह्यांचं, आणि मध्ये रस्ता ओलांडायलाही कुणी तयार नाही. मी ह्यांना तोंडावर विचारलं होतं, अहो, तुम्हीच ना नको म्हणालात? तर म्हणाले, "मी नको म्हणालो ते नावाला. कामाला नाही." मला ते पटलं, भावजी. नाव ह्यांनी स्वतः पुसलं. काम तुम्ही पुसलंत.

हे गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत. फुलं आली, त्यावर चिठ्ठी नव्हती. मी लगेच ओळखलं. म्हटलं, जन्मात एकदाच ह्या माणसानं स्वतःचं नाव न घालता काहीतरी पाठवलं!

आता ते भांडण आमच्या मुलाकडे आलंय. तोही तुमच्यातलाच, कॉलेजात शिकवतो. पुरस्काराची बातमी आली तसा, सिद्धांत वडिलांचा आहे म्हणून त्यानं अर्ज केला आणि विद्यापीठानं समिती बसवली, हे तुम्हाला कळलं असेलच. माझ्यासाठी त्यानं एक कागद तयार करून आणला. हा सिद्धांत माझ्या पतींनी एकट्यानं मांडला, मी स्वतः पाहिलंय, असा. मी बहिरी असल्यासारखा सावकाश वाचून दाखवला. म्हटलं, बाळा, असं नव्हतं झालं. तर म्हणे, आई, तुला त्यातलं काय कळतं, तू फक्त सही कर. मी म्हटलं, काळाचं नाही रे कळत, पण "नको" म्हटलेलं कळतं. तो ताटावरून उठला. दारात चपला घालताना म्हणाला, समितीसमोर असलं काही बोललीस तर मी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही. ठेवणारही नाही, हट्ट वडिलांचाच आहे. आणि तो आला नाही म्हणजे नातही यायची नाही. ती रोज शाळा सुटली की थेट माझ्याकडे येते, पायातले मोजे सोफ्याखाली फेकते आणि मला चिडवते. ह्या घरात आता आवाज असा तेवढाच.

परवा समितीनं मला बोलावलंय, तुम्हालाही बोलावलंय. मी सही करणार नाही. जे पाहिलं ते सांगणार. नाव नको असं हे स्वतः म्हणाले, तेही सांगणार, आणि त्या शेवटच्या भिंतीआधीच्या सगळ्या चुकीच्या भिंती ह्यांच्या हातानं पुसल्या गेल्या, तेही सांगणार. तुम्हाला समोर बसून ऐकावं लागेल, म्हणून आधी कळवतेय. पुरस्कार खुशाल घ्या, अर्धा मागायला मी येत नाही. पण हे पत्र नुसतं तेवढ्यासाठी नाही. परवानंतर माझ्या दारात येणारं कुणी राहणार नाही, आणि ह्यांना तरुणपणी पाहिलेलं माझ्याखेरीज तुम्हीच तेवढे उरलात. मला आता ह्यांचा शेवटचा चिडका चेहराच दिसतो, भावजी. डोळे मिटले तरी तोच. तेव्हा एखाद्या दुपारी या. माफीबिफी मागत बसू नका, मला झोप येते. तुम्ही खडू फेकलात की हे हसायचे, ते नेमके कसे हसायचे, तेवढं मला करून दाखवा.

तुमचीच,
अजूनही न रागावलेली वहिनी